पहिली बादली घेवड्याला

१९७६ सालच्या उन्हाळ्याची आठवण इंग्लंडातल्या मार्चली गावातली म्हातारी माणसं अजून काढतात. जूनपासून थेंब पडला नव्हता. बागेला नळीनं पाणी घालायला बंदी होती, घरांपुढची हिरवळ वाळून पायाखाली चुरचुरत होती, आणि घरोघरच्या बायका भांडी विसळलेलं, बटाटे धुतलेलं, अंघोळीचं पाणी बादल्यांतून साठवून संध्याकाळी भाज्यांना घालत होत्या. कुणाकडे गेलं तर आधी बादली ओलांडून आत जावं लागे. आयव्ही शेरटच्या घरी दोन ओलांडाव्या लागत. पुढे जे काही झालं ते त्या दुसऱ्या बादलीमुळे.

आयव्हीचा नवरा क्लेम हा हार्डविक ब्रुअरीत, म्हणजे बिअरच्या कारखान्यात, पिंपं बनवायचा. एकेचाळीस वर्षं त्यानं ओकच्या फळ्या वाकवल्या, त्यांना लोखंडी कड्या ठोकल्या. मग अॅल्युमिनियमची पिंपं आली आणि क्लेमला दोन वर्षं आधीच घरी बसवलं. बसवलं हे म्हणायला. तो एका जागी बसेच ना. पहिल्या महिन्यात त्यानं घरातले सगळे दरवाजे काढून रंधा मारून परत बसवले. दुसऱ्या महिन्यात आयव्हीचे चमचे लांबीप्रमाणे लावले. तिसऱ्या महिन्यात किटलीला उकळी यायला किती वेळ लागतो हे तो घड्याळ घेऊन मोजायला लागला, तेव्हा आयव्हीला वाटलं, आता याचं काहीतरी करायला हवं.

त्याच वसंतात बातमी आली की हार्डविकच्या नव्या लंडनच्या मालकांनी बाटलीतली पेल एल ही फिकट बिअर सप्टेंबरपासून बंद करायचं ठरवलंय. क्लेमनं ते वर्तमानपत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, "मग मीच करतो."

"तुला येते?"

"एकेचाळीस वर्षं काढली मी तिथे."

"पिंपं करण्यात काढलीस. मी चाळीस वर्षं चॅपेलात चहा करतेय, म्हणून मला प्रवचन येतं का?"

"तुझ्याइतकं तर पाद्र्यालाही येत नाही," क्लेम म्हणाला.

आयव्हीनं अकराव्या वर्षी चॅपेलमध्ये दारूला न शिवण्याची शपथ घेतली होती आणि आजवर पाळली होती. लग्नाच्या वेळी ठरलं होतं की क्लेमनं काय प्यायचं ते पबमध्ये प्यावं, घरात आणू नये. पण तिनं परवानगी दिली. त्याचं कारण असं की क्लेमनं वाचनालयातून पुस्तक आणलं, मोड आणून वाळवलेल्या सातूचं माल्ट आणलं, कडवटपणासाठी हॉपची सुकी फुलं आणली, हार्डविकच्या बाटलीच्या तळाचा यीस्टचा गाळ साखरेच्या पाण्यात घालून खिडकीत जिवंत केला, माल्ट नि फुलं शिजवून, गाळून, त्या गाळासकट दोन गॅलनच्या पांढऱ्या बादलीत भरलं आणि तिच्याशेजारी स्टूल टाकून तो बसला. दोन तास. बादलीला कान लावून. सात महिन्यांत प्रथमच तो एका जागी बसलेला पाहून आयव्हीचे डोळे भरून आले.

त्याचा बेत साधा होता. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी मार्चलीचं प्रदर्शन भरायचं. भाज्या, फुलं, केक, मुरांबे, आणि घरी केलेली बिअर. बिअरचा परीक्षक असायचा फॉसेट, हार्डविकचा निवृत्त मुख्य ब्रुअर. एकेचाळीस वर्षांत हा माणूस क्लेमशी दोन वाक्यं बोलला होता, आणि त्यातलं एक "बाजूला हो" असं होतं.

"त्यानं एक घोट घ्यावा," क्लेम म्हणायचा, "आणि म्हणावं, ही तर आपली पेल. बास. मला बक्षीस नको."

जुलैतल्या एका बुधवारी बर्टनला क्लेमच्या जुन्या सोबत्याचं दफन होतं. सकाळी आठच्या बसनं निघायचं आणि साडेपाचच्या बसनं परत. निघताना त्याच्या लक्षात आलं की जिन्याखालच्या कपाटात भट्टीसारखं तापलंय. बिअर बिघडेल म्हणून त्यानं बादली उचलली आणि मागच्या मोरीत थंड फरशीवर नेऊन ठेवली, वर भांडी पुसायचा पंचा झाकला. आयव्हीला सांगायचं राहिलं, कारण आयव्ही त्या वेळी त्याचा काळा टाय शोधत होती.

आयव्हीचीही बादली मोरीतच असायची. तीही पांढरी, दोन गॅलनचीच. दोन्ही तिनंच एका दिवशी एका दुकानातून आणल्या होत्या. तीही तिच्यावर पंचा झाकायची, माशांसाठी. फक्त आदल्या संध्याकाळी ती रिकामी करून मागच्या दाराबाहेर पालथी घातली होती आणि ते ती साफ विसरली होती.

दहा वाजता, काल संध्याकाळचं पाणी घालायचं राहिलंय असं वाटून, तिनं पंचा उचलला. आत तपकिरी पाणी, वर मळकट फेस. काल रात्री मटणाची ताटं होती, ग्रेव्ही बरीच उरली होती, तेव्हा तिला त्यात काही वावगं दिसलं नाही. दोन्ही हातांनी बादली उचलून ती मागे गेली आणि घेवड्याच्या सगळ्या ओळीला तिनं ते व्यवस्थित, एकाही वेलाला न वगळता घातलं.

कुंपणापलीकडून मेबल टनिक्लिफनं मान वर केली. मार्चलीच्या प्रदर्शनात घेवड्याचं पहिलं बक्षीस सलग नऊ वर्षं मेबलचं होतं.

"काय घालतेस गं? फार छान वास येतोय."

"ग्रेव्ही," आयव्ही म्हणाली, आणि मग तिलाही वास आला. बिअरच्या कारखान्यांचं गाव बर्टन, तिथल्या रस्त्यांना येतो तो. तिनं बादलीत पाहिलं. तळाशी मऊ पिवळट गाळ होता आणि कडेला हॉपचं एक फूल चिकटलेलं होतं.

आयव्ही आत आली आणि क्लेमच्या स्टुलावर बसली. सांगून टाकावं, हा विचार तिनं दोन मिनिटं केला. मग तिच्या डोळ्यांपुढे हल्ली जिन्यावरून उतरताना शीळ घालणारा क्लेम आला. नंतर लांबीप्रमाणे लावलेले चमचे आले. ती उठली आणि चॅपेलला जायची टोपी तिनं डोक्यावर चढवली.

दारूच्या दुकानात ती जन्मात प्रथमच शिरत होती. दुकानदार गोडार्डनं आधी तिच्याकडे, मग तिच्या टोपीकडे पाहिलं.

"शेरटबाई, पोस्ट शेजारी आहे."

"हार्डविकची पेल हवी. अर्ध्या पाइंटाच्या बत्तीस बाटल्या."

"बत्तीस?"

"दोन गॅलन होतात तेवढ्यात. हिशेब केलाय मी."

"पाहुणे यायचेत वाटतं?"

त्या टोपीत तिला खोटं बोलवेना. "नाही," ती म्हणाली.

"मग कधीपर्यंत हव्यात?"

"आत्ता. साडेपाचच्या आत."

चाकांच्या टोपलीतून दोन खेपा झाल्या. कपड्यांत गुंडाळल्या तरी बाटल्या दगडी रस्त्यावर किणकिणत होत्या, आणि दोन्ही वेळा बसथांब्याच्या बाकावर मेबल बसलेली होती. पहिल्या वेळी मेबलनं "काय उकाडा गं" म्हटलं. दुसऱ्या वेळी ती काहीच बोलली नाही, ते वाईट होतं.

बाटल्या बादलीत ओतल्या तेव्हा फेस उसळला आणि आयव्हीला हायसं वाटलं. तीन वाजता पाहिलं तर बादली गार झालेल्या चहासारखी निपचित पडली होती. सकाळी तर बोटभर फेस होता. तिनं पावाचं यीस्ट काढलं, अंदाजानं घातलं, वर अर्धा मग साखर घातली आणि देवाची क्षमा मागून ढवळलं. पाच वाजता ते दूध उतू जावं तसं काठावरून फरशीवर आलं.

राहिल्या बत्तीस रिकाम्या बाटल्या. घरातल्या केराच्या डब्यात टाकाव्यात तर डबा क्लेमच बाहेर नेतो. चॅपेलच्या मागच्या खोलीत चहाच्या मोठ्या भांड्याचं एक कपाट होतं, ते सुगीच्या सणाखेरीज कुणी उघडत नसे, आणि किल्ली चाळीस वर्षं आयव्हीच्या कमरेला होती. टोपली पुन्हा किणकिणत गेली.

क्लेम आला तो थेट मोरीत. गुडघे टेकून त्यानं बादलीला कान लावला.

"आयव्ही, अगं, ही बघ कशी उठलीय. सकाळी एवढी नव्हती."

"गारव्यामुळे," आयव्ही म्हणाली.

"आणि बाहेर हा वास कसला?"

"वारा बर्टनकडचा आहे."

क्लेमनं खिडकीतून दोरीवरच्या टॉवेलांकडे पाहिलं. ते बर्टनच्या दिशेनं उडत होते. "हं," एवढंच तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात त्यानं ती बाटल्यांत भरली, आणि दहा दिवसांनी पहिली बाटली उघडली. आयव्ही दाराआडून बघत होती. त्यानं घोट घेतला, बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं, आणि दुसरा घेतला.

"हार्डविकचीच," तो म्हणाला. "पावासारखा जरा वास येतोय. पण खाली आहे ती हार्डविकच."

"क्लेम, मला तुला काही सांगायचंय."

"थांब जरा. एक घोट घेतला की फॉसेटला कळणार, आयव्ही. त्याच क्षणी कळणार त्याला."

आयव्हीला नेमकी हीच धास्ती होती. ज्या माणसानं तीस वर्षं ही बिअर केली, त्याच्यापुढे क्लेम तीच बाटली घरची म्हणून ठेवणार. साऱ्या गावादेखत तो म्हणणार, शेरट, ही तर दुकानातली. ज्या क्लेमनं आयुष्यात ब्रुअरीतला खिळासुद्धा घरी आणला नव्हता, तो लबाड ठरणार. त्या दिवशी तिला बोलवलं नाही. दुसऱ्या दिवशी क्लेमनं नाव नोंदवलं होतं. तिसऱ्या दिवशी पाद्री आले.

झालं असं की रविवारच्या शाळेची सहल निघाली आणि चहाचं मोठं भांडं लागलं. पाद्री पिम नवे होते, तरुण होते, आणि त्यांच्याकडे दुसरी किल्ली होती.

"शेरटबाई," कप मांडीवर धरून ते हळुवारपणे म्हणाले, "कपाटात काही बाटल्या सापडल्या. मी कुणाला बोललो नाही."

"बत्तीस," आयव्ही म्हणाली.

"आणि टनिक्लिफबाईंना तुमची काळजी वाटते." त्यांनी घसा साफ केला. "हे सुरू कधी झालं?"

"तीन आठवडे होतील. बुधवारी."

"बुधवारी? आणि बत्तीस कधीपर्यंत झाल्या?"

"त्याच दिवशी. साडेपाचच्या आत."

पिमनी कप बशीत ठेवला. खरं सांगितलं तर ते क्लेमच्या कानावर जाणार, कारण पिमना पोटात काही ठेवता येत नसे. तेव्हा आयव्हीनं त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

"थांबवता येईल असं वाटतं?"

"मी थांबवलंय."

"सगळे असंच म्हणतात, शेरटबाई." ते उठले, दारापाशी घुटमळले. "तोवर किल्ली माझ्याकडे राहू दे. तुमच्याच मनाला बरं वाटावं म्हणून."

आयव्हीनं कमरेची किल्ली सोडून दिली. चाळीस वर्षांत त्या किल्लीनं तिच्या सगळ्या परकरांना एकाच जागी भोक पाडलं होतं. पाद्री फाटकाबाहेर पडले तेव्हा क्लेम बाहेरून येत होता. दोघं बराच वेळ बोलत उभे होते. क्लेम आत आला, तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि म्हणाला, "चहा मी करतो."

ऑगस्ट असा गेला की आयव्हीला धड झोप नाही, धड भूक नाही. मेबल रोज लिंबाचं सरबत घेऊन येई आणि ती पूर्ण पिईपर्यंत हलत नसे. त्यात क्लेम पुन्हा अस्वस्थ झाला. सकाळी उठला की पिशवी घेऊन कालव्याकाठी भाजी लावायला घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर जायचा आणि तिथल्या शेडमध्ये दिवस काढायचा. आयव्हीला वाटलं, बिअरनंही भागलं नाही, आता हा शेडचे दरवाजे काढत असेल. जिन्याखालच्या बाटल्या मात्र रोज एकदोनानं कमी होत होत्या. तेवढा पुरावा कमी, म्हणून तिनं विचारलं नाही.

"यंदा प्रदर्शनात नको ठेवूस," एकदा तिनं सुचवून पाहिलं. "पुढच्या वर्षी अजून मुरेल."

"पुढच्या वर्षी फॉसेट असेल की नाही कुणास ठाऊक. त्र्याऐंशीचा आहे तो."

गावात त्या महिन्यात सगळ्यांच्या वेलांनी माना टाकल्या. मेबलच्या शेंगा करंगळीएवढ्या राहिल्या. आयव्हीचा घेवडा मात्र काठ्यांच्या वर जाऊन पुन्हा खाली लोंबायला लागला होता, आणि एकेक शेंग फूट-फूटभर.

प्रदर्शनाच्या दिवशी पाऊस आला. अडीच महिने बादल्या वाहिलेल्या बायका चिखलातून छत्र्या सांभाळत तंबूत शिरल्या आणि कुणाला हसावं की रडावं कळेना. बिअरच्या टेबलावर पाच बाटल्या होत्या, लेबल नसलेल्या, फक्त नंबर. फॉसेट एका हातात काठी नि दुसऱ्यात ग्लास घेऊन ओळीनं निघाला. क्लेमचा नंबर चौथा. आयव्हीनं छत्री दोन्ही हातांनी घट्ट धरली.

फॉसेटनं चौथी बाटली उजेडात धरली. वास घेतला. घोट घेतला, तोंडात फिरवला, डबड्यात थुंकला. मग कार्डावर काहीतरी लिहून पाचव्या बाटलीकडे गेला. तो ना काही बोलला, ना त्यानं क्लेमकडे वळून पाहिलं.

कार्डं लागली. चौथ्या बाटलीला बक्षीस नव्हतं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: "स्वच्छ आहे. पण जीव नाही. करणाऱ्यानं हार्डविकची पेल एकदा लक्षपूर्वक प्यावी."

आयव्हीनं ते एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. सहा आठवड्यांची धास्ती सरकली आणि त्या जागी जे आलं ते हसू होतं. तिनं तोंडात रुमाल कोंबला. कडेला उभ्या पिमनी टनिक्लिफबाईंकडे अर्थपूर्ण नजरेनं पाहिलं. त्यात कुणीतरी येऊन सांगितलं की घेवड्याचं लाल कार्ड, म्हणजे पहिलं बक्षीस, आयव्ही शेरटच्या सहा शेंगांना मिळालंय, आणि मग तिला बाहेरच न्यावं लागलं.

घरी जाताना अर्ध्या रस्त्यात, एका छत्रीखाली, तिनं सगळं सांगून टाकलं. बादली, ग्रेव्ही, गोडार्ड, पावाचं यीस्ट, पाद्री. "आणि गंमत बघ क्लेम," डोळे पुशीत ती म्हणाली, "तीस वर्षं ज्यानं केली, त्या शहाण्याला स्वतःची पेल ओळखता आली नाही. म्हणे जीव नाही. म्हणे हार्डविकची प्यावी. अरे, हार्डविकचीच तर होती ती."

क्लेम चालत राहिला. चारपाच पावलांनी म्हणाला, "ती हार्डविकची नव्हती."

"मग?"

"माझी होती. शेडमध्ये केलेली."

आयव्ही थांबली. छत्री पुढे गेली आणि ती पावसात राहिली. क्लेम मागे आला आणि त्यानं छत्री तिच्या डोक्यावर धरली.

"पिमनं मला फाटकाशीच सांगितलं. म्हणाला, धीर धरा, बाईंना सांभाळा, बत्तीस बाटल्या होत्या हार्डविकच्या. बत्तीस अर्धे म्हणजे दोन गॅलन, एवढं पिंपवाल्याला कळतं. टॉवेलही उलटे उडत होते. मग मी दुसऱ्याची बिअर फॉसेटपुढे कशी ठेवणार? पुन्हा केली."

"मला बोलला का नाहीस?"

"तू किल्ली दिलीस माझ्यासाठी. मी काय तोंडानं बोलणार होतो?"

"आणि जिन्याखालच्या बाटल्या?"

"प्यालो. सप्टेंबरनंतर मिळणार नाही ती."

आयव्हीला आपलं मघाचं हसणं आठवलं आणि तिचे कान तापले. "फॉसेटला काय कळतंय," ती म्हणाली.

"सगळं कळतं. बरोबर लिहिलंय त्यानं. आयुष्यात तिसरं वाक्य बोलला माझ्याशी." क्लेमनं तिच्या हातातलं लाल कार्ड घेतलं, ओलं होऊ नये म्हणून कोटात ठेवलं, आणि पुन्हा बाहेर काढून पाहिलं. "या शेंगांना त्या दिवसानंतर काय घातलंस?"

"काही नाही. नुसतं भांड्यांचं पाणी."

"म्हणजे माझी पहिली बादली पहिली आली," क्लेम म्हणाला, आणि घरापर्यंत शीळ घालत गेला.

हार्डविकची पेल ठरल्याप्रमाणे सप्टेंबरात बंद झाली आणि पाच वर्षांनी ब्रुअरीही. तिथे आता गालिच्यांचं दुकान आहे. फॉसेट पुढच्याच वसंतात गेला. क्लेमनं पाद्री पिमना सगळी हकीकत जाऊन सांगितली, पण बायकोला झाकायला नवरा किती धडपडतोय, असं वाटून पिमचेच डोळे भरले. ते कॉर्नवॉलला बदलून गेले आणि दर नाताळला आयव्हीला पत्र लिहीत, "अजून एक वर्ष निभावलंत, अभिनंदन." आयव्ही दर वर्षी आभार मानी. कपाटाची किल्ली मेबलकडे गेली होती. मेबलचा चहा इतका पाणचट निघाला की वर्षभरात चॅपेलनंच ती परत आयव्हीच्या कमरेला आणून बांधली. घेवड्याचं लाल कार्ड मात्र मेबलला पुन्हा मिळालं नाही. कारण शेरटांच्या घरी नियमच झाला होता की दर उन्हाळ्यातली पहिली बादली घेवड्याला.

क्लेमनं पुढे अकरा वर्षं बिअर केली. तिला एकदाही नंबर आला नाही, पण तो स्टुलावर बसायला शिकला. अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये तो गेला. शेडमध्ये एक बाटली उरली होती, तिच्यावर त्याच्या अक्षरात "शहात्तर, नंबर चार" असं लिहिलेलं. आयव्हीनं ती जुलैपर्यंत ओट्यावर ठेवली. मग एका संध्याकाळी ती टोपी घालून मागच्या दाराच्या पायरीवर बसली, बाटली उघडली, आणि अकराव्या वर्षी घेतलेली शपथ बाजूला ठेवून एक घोट घेतला.

तो तिनं तोंडात बराच वेळ धरला. फॉसेटनं बरोबर लिहिलं होतं.

उरलेली तिनं घेवड्याला घातली, एकाही वेलाला न वगळता.